ज्याचं नाव फलकावर येत नाही, तो खेळाडू मोठा कसा ठरवायचा? (हर्लिंग आणि ब्रायन व्हेलहन)

शुभदा_बर

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा वर्षांपासून आयर्लंडच्या ऑफली काउंटीत, बर नावाच्या गावात राहतो. मुलगा तेरा वर्षांचा आहे. इथल्या क्लबात हर्लिंग खेळतो आणि जीव तोडून खेळतो. गेल्या मंगळवारी सरावाहून आला तो दारातच हेल्मेट टाकून बसला. म्हणाला, "आई, मला मागे टाकलंय." म्हणजे काय, तर प्रशिक्षकांनी त्याला फॉरवर्डमधून, म्हणजे आक्रमणाच्या फळीतून काढून उजवा विंग बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू केलं. पाच नंबरची जर्सी. त्याच्या मते ही शिक्षा, कारण तिथून गोल होत नाहीत.

आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा राहतात. कुंपणापलीकडून त्यांनी "पाच नंबर" एवढेच शब्द ऐकले आणि सरळ आमच्या अंगणात आले. पुढचा तासभर ते एकाच माणसाबद्दल बोलत होते, ब्रायन व्हेलहन. याच गावचा, याच क्लबचा, याच जागेवर खेळणारा. २००० साली आयर्लंडमध्ये हर्लिंगचा सहस्रकातला सर्वोत्तम संघ निवडला तेव्हा पंधरा जणांत तेव्हाही मैदानात उतरणारा हा एकटा होता. बाकीचे चौदा इतिहासातले. त्या पंधरा जणांची टपाल तिकिटंही निघाली. म्हणजे एकोणतीस वर्षांचा खेळाडू रविवारी सामना खेळतोय आणि सोमवारी लोक त्याचं तिकीट पत्राला चिकटवताहेत!

मी तेव्हापासून त्याच्याबद्दल वाचत सुटले आहे, जुने सामने बघते आहे. आणि एक प्रश्न मनातून जात नाही. हर्लिंगमध्ये गोल करणाऱ्याचा हिशोब आहे, पॉइंट मारणाऱ्याचा आहे. अडवणाऱ्याच्या नावापुढे कोरी जागा. मग बचावपटूची थोरवी लोक मोजतात कशी? इथे कबड्डी, खो-खो, हॉकी खेळलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते आहे. लेकाला काय सांगू?

नानासाहेब_सातारा

शुभदाताई, विषय छान आहे, पण हर्लिंग म्हणजे नेमकं काय ते आधी सांगा. मी हॉकीसारखं काहीतरी समजत होतो. नातवाने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली तर त्यात चेंडू माणसांच्या डोक्यावरून जात होता.

शुभदा_बर

नानासाहेब, थोडक्यात सांगते. एका बाजूला पंधरा खेळाडू. हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची काठी, तिला इथे हर्ल म्हणतात. तिचं खालचं टोक पसरट, उलथण्यासारखं. चेंडूला स्लिटर म्हणतात. आत बूच, वरून चामडं, आणि शिवण उंच उभारलेली. वजन ११० ते १२० ग्रॅम. मारला की हवेतून सत्तर-ऐंशी मीटर सहज जातो. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलायचा नाही, हर्लने उचलून हातात घ्यायचा. हातात धरून चारपेक्षा जास्त पावलं टाकायची नाहीत. पुढे पळायचं तर चेंडू हर्लच्या पात्यावर तोलत पळायचं. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांड्याच्या वरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. म्हणून गुण २-१६ असे लिहितात. २ गोल, १६ पॉइंट, एकूण २२.

काउंटीचे मोठे सामने सत्तर मिनिटांचे असतात. आणि सगळे खेळाडू हौशी! अंतिम सामना ऐंशी हजार लोकांसमोर खेळतात आणि सोमवारी आपापल्या कामावर जातात. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी सुतार.

विटीदांडू

अडवणाऱ्याला गुण नाही हीच त्या खेळातली गंमत दिसते. आम्ही कबड्डीवाले याबाबतीत सुखी. पकड केली की गुण आपल्या नावावर. कोपऱ्यात उभा राहून मी आयुष्यभर घोटे धरले आणि प्रत्येक घोट्याचा हिशोब वहीत आहे.

केतकी_पुणे

@विटीदांडू, पण जी चढाई तुमच्या भीतीने बोनस रेषेपर्यंत गेलीच नाही, तिचा हिशोब कुठल्या वहीत आहे? मी दहा वर्षं खो-खो खेळले. चांगला पळणारा साखळीत कुठे वळेल हे ओळखून त्याला आधीच दुसरीकडे वळायला लावणं ही खरी कला. फलकावर ते दिसत नाही.

विटीदांडू

मान्य. ती वही नाही आमच्याकडे.

टिपररीकर

मी अकरा वर्षं शेजारच्या टिपररी काउंटीत काढली, त्यामुळे ऑफलीवाल्यांचं कौतुक जरा जपूनच करतो. पण व्हेलहनबद्दल वाद नाही. शुभदा, तुझ्या लेकाला एक गोष्ट सांग. विंग बॅक म्हणजे मागची जागा नव्हेच. मागचे खरे ते दोन, तीन, चार नंबर, गोलरक्षकाच्या अंगणातले. पाच, सहा, सात ही हाफबॅकची फळी. समोरच्या गोलरक्षकाने मारलेला लांब चेंडू नेमका इथे पडतो. तो आपल्याला मिळाला तर आपलं आक्रमण, त्यांना मिळाला तर आपल्या गोलवर धाड. सामना बहुतेक वेळा याच पट्ट्यात जिंकतात किंवा घालवतात.

आता व्हेलहनचं वैशिष्ट्य. बाकीचे हाफबॅक त्या काळात चेंडू मिळाला की जीव खाऊन लांब पिटाळायचे. संकट टळलं, बस्स. हा माणूस चेंडू हातात येण्याच्या आधी एकदा मान वर करून पुढे बघायचा. मग डावीकडून असो की उजवीकडून, दोन्ही बाजूंनी सारख्याच सहजतेने मारायचा, आणि तोही खाली दबलेला, पुढच्या गड्याच्या धावेत पडणारा चेंडू. ऑफलीच्या आक्रमणात डूली भाऊ होते, जो, जॉनी आणि बिली. त्यांना तसा चेंडू मिळाला की उरलेलं काम ते करायचे. गुण डूलींच्या नावावर लागले, पण निम्म्या वेळा त्यांची सुरुवात पाच नंबरपासून झालेली असायची.

आशुतोष_नागपूर

म्हणजे हॉकीत मागून लांब पास देणारा बचावपटू असतो तसं?

टिपररीकर

साधारण तसंच. फक्त इथे चेंडू तुमच्या डोक्यावर येतो, शेजारचा गडी त्याच वेळी हर्ल फिरवतो आणि त्या गर्दीत हात वर करून उघड्या पंजाने झेलायचा असतो. आता सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, २०१० पासून. त्याआधी मोठी माणसं उघड्या डोक्याने खेळायची.

केतकी_पुणे

बोटं मोडत असतील हो!

शुभदा_बर

मोडतात. लेकाच्या क्लबात आत्ता दोघांच्या करंगळीला पट्टी आहे. मी परिचारिका असल्यामुळे मैदानाच्या कडेला माझी कायमची नेमणूक झाली आहे.

आशुतोष_नागपूर

मला एक शंका आहे, रागावू नका. मी थोडं वाचलं. व्हेलहनच्या कारकिर्दीतला सगळ्यात गाजलेला सामना १९९८चा अंतिम. आणि त्यात तो गाजला कशामुळे, तर आक्रमणात जाऊन १ गोल आणि ६ पॉइंट मारले म्हणून! म्हणजे शेवटी बचावपटू लक्षात राहिला तो गुण मिळवल्यामुळेच. शुभदाताईंच्या लेकाची तक्रार खरीच ठरली की.

शुभदा_बर

अगदी हाच प्रश्न मी आजोबांना विचारला होता. ते थोडे गप्प झाले. मग त्यांनी ते वर्ष पहिल्यापासून सांगितलं. ते मी इथे सांगते, कारण नुसता अंतिम सामना बघून काही कळत नाही.

१९९८च्या उन्हाळ्यात ऑफलीचा संघ मोडकळीला आला होता. लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात किलकेनीकडून हरले. त्यानंतर त्यांचे प्रशिक्षक बॅब्स कीटिंग यांनी खेळाडूंची तुलना जाहीरपणे मेंढरांच्या गर्दीशी केली. गावोगावी संताप उसळला. कीटिंग गेले आणि गॉलवेकडचे एक शिक्षक, मायकल बाँड, संघाकडे आले. बहुतेक खेळाडूंना ते कोण हेही धड माहीत नव्हतं.

१९९६पर्यंत प्रांतात हरलात की घरी जायचं असा नियम होता. १९९७पासून प्रांताच्या अंतिम सामन्यात हरणाऱ्यांना आणखी एक संधी मिळू लागली. लोक त्याला मागचं दार म्हणत. ऑफली त्या दारातून आत आले, अँट्रिमला हरवून उपांत्य फेरीत क्लेअरसमोर उभे राहिले. आणि ती एकच फेरी तीन वेळा खेळावी लागली.

विटीदांडू

तीन वेळा? का?

टिपररीकर

हे मला सांगू दे. पहिला सामना बरोबरीत सुटला, १-१३ दोघांचे. दुसऱ्यात क्लेअर तीन पॉइंटनी पुढे होतं आणि पंच जिमी कूनी यांनी शिट्टी वाजवली. घड्याळात अजून सुमारे दोन मिनिटं बाकी होती. निव्वळ चूक. तीन पॉइंट म्हणजे एक गोल, आणि हर्लिंगमध्ये दोन मिनिटांत एक गोल सहज होतो. ऑफलीचे लोक मैदानात उतरले आणि डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानाच्या हिरवळीवर बसून राहिले. हजारो माणसं. त्याच दिवशी त्यानंतर केरी आणि किल्डेअरचा २१ वर्षांखालील मुलांचा सामना होता, तो होऊच शकला नाही.

शेवटी ठरलं, पुढच्या शनिवारी थर्ल्सला पुन्हा खेळायचं. ऑफली ०-१६, क्लेअर ०-१३. जिंकलेला सामना हातातून गेला तरी क्लेअरचे खेळाडू पुन्हा उतरले, हे मी त्यांच्या श्रेयात धरतो. त्या पंचांना पुढे फार मनस्ताप सोसावा लागला. एका शिट्टीसाठी माणसाला एवढं भोगायला लावू नये.

शुभदा_बर

आणि मग अंतिम सामना. समोर पुन्हा किलकेनी, ज्यांच्याकडून जुलैत हरले होते तेच. व्हेलहन तापाने फणफणलेला, फ्लू झालेला. तरी पाच नंबरवर उभा राहिला आणि त्याच्या बाजूने किलकेनीचे पॉइंट जाऊ लागले. त्याच्या पायात जोर नव्हता. मग पूर्वार्धातच त्याला त्या जागेवरून काढून पुढे आक्रमणात पाठवलं. साधारणपणे बचावपटूला सामन्याच्या मध्यात पुढे ढकललं की लोक समजतात, आज याचं काही खरं नाही, कुठेतरी लपवलाय.

त्याने १-६ मारले. ऑफलीच्या २२ पैकी ९ एकट्याचे. २-१६ विरुद्ध १-१३. दुसरा गोल जो एरिटीचा. मागच्या दाराने येऊन अजिंक्यपद जिंकणारा हा पहिला संघ.

आजोबा म्हणाले ते मला पटलं. आयुष्यभर तो हे बघत आला होता की चांगला फॉरवर्ड कुठे उभा राहतो, बचावपटूला कुठल्या क्षणी नको असतो. त्या दिवशी फक्त बाजू बदलली.

आशुतोष_नागपूर

गोष्ट जबरदस्त आहे. पण माझा मुद्दा तसाच राहतो. त्या दिवशी तो बचावपटू म्हणून कमी पडला म्हणूनच पुढे गेला ना?

टिपररीकर

हो, कमी पडला. त्यात काय लपवायचं? पण सहस्रकाच्या संघात त्याला आक्रमणात घेतलेलं नाही. उजवा विंग बॅक म्हणूनच घेतलंय. निवडणाऱ्यांसमोर शंभर-सव्वाशे वर्षांतले सगळे विंग बॅक होते. एका दुपारच्या १-६ मुळे ती जागा मिळत नाही.

आणि कारकीर्द बघ. ऑफलीकडून दोन अजिंक्यपदं, १९९४ आणि १९९८. बर क्लबकडून राष्ट्रीय क्लब अजिंक्यपदं चार: १९९५, १९९८, २००२, २००३. ऑफली म्हणजे तेव्हा साठ हजारांच्या आसपास वस्तीची काउंटी, आणि त्यातही हर्लिंग मुख्यतः दक्षिणेकडच्या गावांत. किलकेनी, कॉर्क, टिपररी यांच्यासमोर हे म्हणजे एखाद्या तालुक्याने राज्याशी झुंजण्यासारखं. या काउंटीची सगळ्या इतिहासातली अजिंक्यपदं चार. १९८१, १९८५ आणि ही दोन.

नानासाहेब_सातारा

क्लबात आपल्याच गावाकडून खेळायचं असतं का? की पैसे देऊन बाहेरचा गडी आणता येतो?

शुभदा_बर

आपल्याच परिसराकडून, नानासाहेब. जिथे वाढलात तो क्लब. चर्चचा जो पॅरिश, तो क्लबचा इलाका. त्यामुळे बापाच्या मागून मुलगा त्याच रंगात. व्हेलहनचे वडील पॅड जो स्वतः ऑफलीकडून खेळले, पुढे बरचे प्रशिक्षक झाले. ब्रायनचे भाऊ सायमन आणि बॅरीही खेळले. १९९८च्या अंतिम सामन्यात सायमन बचावात त्याच्याच मागे उभा होता.

नानासाहेब_सातारा

हे आमच्या तालमीसारखं झालं. वस्ताद घरातलाच.

मधुरा_डब्लिन

थोडं अवांतर. त्या सहस्रक संघात कॉर्कचे जॅक लिंच आहेत, ते पुढे आयर्लंडचे पंतप्रधान झाले. १९४१ ते १९४६ अशी सलग सहा वर्षं त्यांनी अजिंक्यपदाची पदकं मिळवली, पाच हर्लिंगची आणि १९४५चं फुटबॉलचं. आणि त्याच पदावर २०१७ साली बसले लिओ वराडकर, ज्यांचे वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. मी तेव्हा डब्लिनमध्ये नवीन होते. ऑफिसात सगळे मला "वराडकर" हे नाव नीट कसं म्हणायचं ते विचारायला यायचे.

विटीदांडू

वराडवाल्यांनी एक तरी हर्लर द्यायला हवा आता.

खगोलमित्र

बर म्हणजे ते दुर्बिणीचं बर का? रॉसच्या तिसऱ्या अर्लने किल्ल्याच्या आवारात ७२ इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि १८४५ साली त्यातून एम-५१ दीर्घिकेचा सर्पिल आकार पहिल्यांदा पाहिला. १९१७पर्यंत ती जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. मी खास तेवढ्यासाठी तिथे आलो होतो. हर्लिंगचं काहीच बघितलं नाही, आता हळहळ वाटते.

शुभदा_बर

तेच बर! दुर्बिणीच्या दोन प्रचंड दगडी भिंती अजून उभ्या आहेत. पुन्हा याल तर रविवारी या, दोन्ही बघू.

केतकी_पुणे

मूळ प्रश्नावर येते. टिपररीकर, १९९४चं काय झालं होतं? मी कुठेतरी वाचलं की त्या वर्षी याच्यावर अन्याय झाला.

टिपररीकर

ते सांगायलाच हवं, कारण शुभदाच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. १९९४चा अंतिम सामना, ऑफली विरुद्ध लिमरिक. पाच मिनिटं उरली तेव्हा लिमरिक पाच पॉइंटनी पुढे. लिमरिकच्या लोकांनी आनंद करायला सुरुवात केली होती. मग जॉनी डूलीने फ्री, म्हणजे समोरच्याच्या चुकीमुळे मिळालेला मोकळा फटका मारला. सगळ्यांना वाटलं पॉइंट घेईल, त्याने खालून गोल मारला. पुढच्या क्षणी पॅट ओ'कॉनरचा दुसरा गोल. आणि मग पॉइंटमागून पॉइंट, बिली डूलीचे तीन. त्या पाच मिनिटांत ऑफलीने २-५ केले, लिमरिकला एकही नाही. ३-१६ विरुद्ध २-१३. यातली सगळ्यात अवघड जागा ऑफलीचे प्रशिक्षक एमन क्रेगन यांची. ते स्वतः लिमरिकचे, १९७३मध्ये लिमरिककडून अजिंक्यपद जिंकलेले. आपल्याच गावाला हरवून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

आता व्हेलहन. त्या वर्षीचा सर्वोत्तम हर्लर म्हणून त्याची निवड झाली. आणि त्याच वर्षीचा ऑल-स्टार संघ, म्हणजे वर्षातले सर्वोत्तम पंधरा जण, जाहीर झाला तर त्यात त्याचं नाव नाही! देशातला पहिला खेळाडू, पण पहिल्या पंधरात नाही. मतं देणारे सगळे क्रीडापत्रकार होते. रोज सामने बघणारे लोक. त्यांनाही अडवणाऱ्याचं माप घेता आलं नाही.

केतकी_पुणे

हे वाचून खरंच वाईट वाटलं.

आशुतोष_नागपूर

बरं, मी जागा थोडी सोडतो. पण मग सर्वोत्तम हाच कशावरून? किलकेनीचा टॉमी वॉल्श आहे. २००३ ते २०११ सलग नऊ ऑल-स्टार, वेगवेगळ्या जागांवर. व्हेलहनचे एकूण चार. आकडेच बघायचे तर वॉल्श.

टिपररीकर

टॉमी वॉल्श म्हणजे आग होती. उंचीने बेताचा, पण डोक्याने उंच असलेल्या गड्याच्या वरून चेंडू झेलायचा. मला कुणी माझ्या संघात एक निवडायला सांगितला तर मी कदाचित वॉल्शच घेईन. पण वॉल्शच्या पुढे-मागे हर्लिंगमधला बहुधा सर्वांत ताकदवान संघ होता. व्हेलहनने साठ हजारांच्या काउंटीतून हे केलं. १९९५चा अंतिम सामना क्लेअरकडून हरला, २०००चा किलकेनीकडून हरला, तोही ५-१५ विरुद्ध १-१४ असा मोठ्या फरकाने. त्यात एकटा विंग बॅक किती अडवणार?

विटीदांडू

मला एक सांगा, त्या खेळात "पकड" कशाला म्हणायची? नुसतं चेंडू हिसकावणं?

टिपररीकर

दोन प्रकार आहेत. एक ब्लॉक, म्हणजे समोरच्याने हर्ल फिरवला की त्याच्या समोर हात लांब करून आपला हर्ल आडवा घालायचा. लाकडावर लाकूड आपटतं आणि चेंडू तिथेच मरतो. दुसरा हूक. तो पुढे, तुम्ही मागे. तो मारायला हर्ल मागे नेतो, त्या क्षणी तुम्ही मागून तुमच्या हर्लच्या टोकाने त्याचा हर्ल अडवायचा. तो फिरवतो आणि काहीच होत नाही. मी २०१४ साली ती गोष्ट पाहिली. अंतिम सामना बरोबरीत सुटून पुन्हा झाला होता, किलकेनी आणि आमचं टिपररी. आमचा शेमस कॅलनन गोलसमोर सुटला होता, गोल ठरलेलाच. मागून जे. जे. डेलनी पूर्ण ताणून आला आणि हर्लच्या शेवटच्या इंचाने त्याला हूक केलं. आम्ही तीन पॉइंटनी हरलो. २-१७, २-१४. एका गोलाचाच फरक. दहा वर्षं झाली, अजून ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

केतकी_पुणे

म्हणजे टिपररीच्या माणसाला दहा वर्षांनी गोल नाही, गोल अडवणारा आठवतो आहे. शुभदा, लेकाला हे वाचून दाखव.

शुभदा_बर

दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मला हूक शिकायचं." तेव्हापासून घरातल्या झाडूलाही हूक बसतात.

मधुरा_डब्लिन

ऑफलीचं पुढे काय झालं? मी इथे आले तेव्हापासून मोठ्या सामन्यांत त्यांचं नाव फारसं ऐकलं नाही.

शुभदा_बर

पुढचा काळ इथल्या लोकांना फार लागलाय. व्हेलहन २००६मध्ये काउंटीकडून थांबला. २०१४ आणि २०१५ या दोन मोसमांत तो ऑफलीचा प्रशिक्षक होता, पण तेव्हा हाताशी ती माणसं नव्हती. २०१८ला ऑफली लेन्स्टरच्या वरच्या गटातून खाली गेलं, २०१९ला आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत. अजिंक्यपद जिंकलेल्या काउंटीसाठी हे काय होतं ते आजोबांना विचारू नका, ते विषय बदलतात.

मग २०२१ला एक पायरी वर चढले. आणि २०२४च्या जूनमध्ये वीस वर्षांखालच्या मुलांनी टिपररीला हरवून त्या वयोगटातलं ऑफलीचं पहिलं अजिंक्यपद आणलं. २-२० विरुद्ध २-१४. त्याच महिन्यात मोठ्यांनी जो मॅकडोना चषक, म्हणजे दुसऱ्या दर्जाची स्पर्धा जिंकून वरच्या गटात जागा परत मिळवली. त्या आठवड्यात मी रात्रपाळी करून घरी येत होते. पहाटेच्या उजेडात प्रत्येक दारावर हिरवा-पांढरा-सोनेरी झेंडा. एका गोठ्याच्या पत्र्यावरही.

टिपररीकर

टिपररीला हरवून. हो. वाचलं. पुढे चला.

नानासाहेब_सातारा

शुभदाताई, मी नातवाबरोबर १९९८चा सामना पाहिला. तुमच्या त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. आता मुलाचं काय चाललंय?

शुभदा_बर

नानासाहेब, नमस्कार पोचवला. ते पुन्हा पुन्हा "सातारा" म्हणून बघत होते.

शनिवारी सामना होता. लेक पाच नंबरवर. मी कडेला प्रथमोपचाराची पिशवी घेऊन उभी. आमची मुलं हरली, दोन पॉइंटनी. पण एक गोष्ट सांगते. उत्तरार्धात त्यांचा एक उंच मुलगा चेंडू पात्यावर तोलत आमच्या गोलकडे निघाला. लेक त्याच्या दोन पावलं मागे. त्या मुलाने चेंडू उडवून हातात घेतला, मारायला हर्ल मागे नेला, आणि टक् असा बारीक आवाज आला. एवढाच. चेंडू टपकन गवतात पडला, आमच्या गोलरक्षकाने तो पिटाळला आणि सगळे तिकडे पळाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, फलकावर काही हललं नाही.

मला वाटलं कुणी पाहिलंच नाही. वळून बघते तर कुंपणाला टेकून उभे असलेले पाच-सहा म्हातारे एकदम सरळ झाले होते. एकजण दुसऱ्याला आपल्या छत्रीने तो हूक पुन्हा करून दाखवत होता.

सामना संपल्यावर लेक त्यांच्याजवळून चालला तेव्हा एकाने त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारली आणि नाव विचारलं. गाडीत बसल्यावर लेक हरल्याबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "आई, त्यांनी माझं नाव विचारलं."

आशुतोष_नागपूर

शुभदाताई, माझा मुद्दा मी मागे घेतो. पूर्णपणे.

विटीदांडू

छत्रीने हूक करून दाखवणारे आजोबा! ते बघायला तिकीट काढून यावंसं वाटतंय.

टिपररीकर

शुभदा, एक कामाचं विचारतो. त्याचा हर्ल किती इंची आहे? दोन पावलं मागून हूक केलं म्हणतेस, म्हणजे पूर्ण ताणावं लागलं असेल, हर्ल आखूड पडत असेल. आणि हर्ल घेताना पात्याच्या वळणावर लाकडाच्या रेघा बघ. झाडाच्या बुंध्याशी, मुळं फाकतात तिथलं लाकूड असेल तर रेघा पात्याबरोबर वळलेल्या दिसतात. सरळ रेघांचा घेऊ नको, पहिल्याच ब्लॉकला फुटतो. हल्ली अ‍ॅशला बुरशीचा रोग लागल्याने चांगलं लाकूड मिळणं अवघड झालंय, त्यामुळे मिळाला तर दोन घेऊन ठेव.

शुभदा_बर

तीस इंची आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेला. पात्यावरची पट्टीही सैल झाली आहे.

टिपररीकर

तेरा वर्षांच्या मुलाला तीस आखूडच. बत्तीस घे. उंची भराभर वाढत असेल तर तेहतीस.

शुभदा_बर

उद्या सुट्टी आहे. आजोबाच म्हणाले, जाताना मला बरोबर घे, रेघा मी बघतो.